उथळ पाण्याचं गाव

कोकणात दापोलीजवळ हर्णैच्या बंदरावर बैलगाडी समुद्रात जाते. वाळूवरून नाही, समुद्रात. बैल पाण्याच्या काठाशी क्षणभर थांबतात, माना खाली घालतात, मग गाडीवानाच्या एका आवाजाबरोबर पाय टाकतात. पाणी आधी खुरांना, मग गुडघ्यांना, मग पोटाला लागतं. चाकाचा तुंबा पाण्याखाली गेला की गाडी तरंगते आहे की चालते आहे ते काठावरून कळत नाही. पुढे होडी उभी असते. तिच्यातून टोपल्या गाडीत येतात, पाणी निथळत, बर्फाचा चुरा सांडत. गाडी जड होते आणि परतताना बैलांच्या मानेवरच्या शिरा ताणलेल्या दिसतात. वाळूत उमटलेली चाकोरी पुढची लाट येऊन पुसून टाकते, तोवर मागची दुसरी गाडी तिथूनच पाण्यात शिरलेली असते.

लहानपणी मला यात काही विशेष वाटायचं नाही. आजोळ हर्णैपासून जवळच होतं आणि मे महिन्यात संध्याकाळी बंदरावर जाणं म्हणजे बाजारात जाणं. दुसरी बंदरं बघितली तेव्हा लक्षात आलं की इतर ठिकाणी नौका धक्क्याला लागते आणि माणसं धक्क्यावर उभी राहून माल उतरवतात. हर्णैला पिढ्यानपिढ्या नौका किनाऱ्याला येत नाही, किनारा नौकेकडे जातो. कारण साधं आहे. इथं पाणी उथळ आहे. तळ इतका हळूहळू उतरत जातो की मोठी नौका जवळ आली तर वाळूत रुतेल. म्हणून ती लांब नांगर टाकते. तिथपर्यंत बर्फ, डिझेल, पिण्याचं पाणी, जाळी पोचवायची आणि तिथून मासळी आणायची, ती छोट्या होड्यांनी आणि बैलगाड्यांनी.

उथळ पाण्याला खळखळाट फार, असं आपण माणसांबद्दल म्हणतो. हर्णैच्या बाबतीत मला ती म्हण वेगळीच ऐकू येते. या गावाचा जेवढा इतिहास मला समजला, तो सगळा या उथळ पाण्यानं घडवलेला आहे. किल्ल्याचा, आगबोटीचा आणि मासळीचाही.

पाण्याची खोली मोजायचं माप मला एका म्हाताऱ्या तांडेलानं, म्हणजे नौकेच्या म्होरक्यानं, शिकवलं. आजोळच्या वाडीखाली त्यांचं घर होतं. मी आठ-नऊ वर्षांची असेन. ते अंगणात जाळं विणत बसले होते. मी विचारलं, समुद्र किती खोल असतो? त्यांनी सुतळी बाजूला ठेवली, उभे राहिले आणि दोन्ही हात आडवे पसरले. उजव्या हाताच्या बोटांपासून डाव्या हाताच्या बोटांपर्यंत. "हा एक वाव," म्हणाले. "दोरीला शिसं बांधायचं, सोडायचं, आणि वर ओढताना असं मोजत यायचं. एक वाव, दोन वाव. बाय, समुद्र माणसाच्या हातानंच मोजायचा असतो." वाव म्हणजे साधारण सहा फूट. त्यांचे हात पसरलेले होते तसेच काही वेळ राहिले, आणि मी त्या हातांकडे बघत राहिले. जाळ्याच्या दोरीनं तळव्यांवर घट्टे पडले होते आणि दोन बोटं पुरती सरळ होत नव्हती.

पुढे इतिहासाची पुस्तकं वाचायला लागले तेव्हा सुवर्णदुर्गाच्या लढाईत पुन्हा हेच माप भेटलं.

हर्णैला आलेला प्रत्येक माणूस आधी सुवर्णदुर्गाकडे बघतो. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर खडकाळ बेटावर तो उभा आहे. काही ठिकाणी बेटाचा कातळच तासून तटाचा पाया केला आहे, वर मोठाले चिरे. दरवाजा पूर्वेकडे, म्हणजे गावाकडे तोंड करून. उंबऱ्याशी पायरीवर कोरलेलं कासव आहे, बाजूच्या भिंतीवर मारुती. समोर किनाऱ्यावर त्याची तीन भावंडं आहेत, कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कान्होजी आंग्र्यांचे वडील तुकोजी यांची चाकरी याच किल्ल्यावर झाली. ज्या कान्होजींना १६९८ मध्ये सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख, केलं गेलं आणि ज्यांनी १७२९ मध्ये मरेपर्यंत इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी या तिघांनाही या किनाऱ्यावर सुखानं झोपू दिलं नाही, त्यांची समुद्राशी ओळख याच उथळ पाण्यात झाली असणार, असं मला नेहमी वाटतं. लाटेवर होडी कशी धरायची आणि ओहोटीत कुठं अडकायला होतं, हे इथल्या पोरांना आजही कुणी मुद्दाम शिकवत नाही.

मग आला एप्रिल १७५५. किल्ला तेव्हा कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याच्याकडे होता. त्याचं आणि नानासाहेब पेशव्यांचं पुरतं बिनसलं होतं. पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी संधान बांधलं. कमोडोर विल्यम जेम्स 'प्रोटेक्टर' नावाचं जहाज घेऊन आला. पहिल्या दिवशी त्यानं समुद्राच्या बाजूनं तोफा डागल्या, पण कातळात रुजलेल्या त्या तटाला फारसं काही झालं नाही. मग त्यानं बाजू बदलली. बेट आणि किनारा यांच्यामधल्या चिंचोळ्या पाण्यात, जिथून मोठं जहाज येईल असं किल्ल्यातल्या लोकांना वाटलं नसावं, तिथं त्यानं जहाज आणलं. त्याच्या जहाजाला तरंगायला पुरेल एवढं पाणी त्या वाटेत होतं. तिथून अगदी जवळून मारा झाला, आत आग लागली, दारूकोठार उडालं. दोन-तीन दिवसांत किल्ला पडला.

ही हकीकत वाचताना मला त्या तांडेलांचे पसरलेले हात आठवतात. जेम्सच्या जहाजावरही कुणीतरी पुढे उभं राहून शिसं सोडत असेल, दोरी ओढत असेल, आणि आकडा ओरडून सांगत असेल. दोन-चार वाव पाण्यानं सुवर्णदुर्गाचं नशीब ठरवलं.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळालं. आपल्याच माणसाचा काटा काढायला परक्याला बोलावलं आणि त्यात आपलंच आरमार गेलं. या गोष्टीचं मला आजही वाईट वाटतं. तुळाजी काही साधा माणूस नव्हता, पेशव्यांची तक्रारही खोटी नव्हती. पण ती जहाजं कुणाची होती? ती बांधणारे सुतार, त्यांची शिडं शिवणारे, त्यांवर वल्हं मारणारे इथलेच होते. ती पुन्हा तशी कधी उभी राहिली नाहीत.

लंडनमध्ये शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक तिकोनी बुरूज आहे. जेम्स १७८३ मध्ये वारला आणि दुसऱ्या वर्षी त्याच्या बायकोनं त्याच्या आठवणीसाठी तो बांधला. त्याचं नाव सेव्हर्नड्रूग कॅसल. सुवर्णदुर्ग या शब्दाचं इंग्रजी तोंडात झालेलं ते रूप. इतक्या लांब एका टेकडीवर आमच्या किल्ल्याचं नाव मोडक्यातोडक्या उच्चारात उभं आहे, हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी मी ते घरात सगळ्यांना सांगत सुटले होते.

पुस्तकं यापुढे भराभर जातात. १८०२ च्या ऑक्टोबरात पुण्याजवळ यशवंतराव होळकरांकडून हार खाऊन दुसरा बाजीराव पळाला, तो महाड करत सुवर्णदुर्गावर आला, आणि इथून समुद्रमार्गे वसईला गेला. ३१ डिसेंबरला तिथं तह झाला. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला. बहुतेक लेखांमध्ये हर्णैचा इतिहास इथं संपतो. त्यानंतर थेट 'पर्यटकांसाठी सोयी' असा मथळा.

मला हे पटत नाही. १८१८ नंतर या गावानं काय केलं? फत्तेगडावर आज कोळ्यांची घरं आहेत. तटाच्या दगडांना टेकून जाळी वाळतात. कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि नाखवा रात्री घरी येताना त्याच्याकडे बघत येतो. किल्ले पडले तरी त्यांच्या जागा कामात राहिल्या. माझ्यासाठी तो इतिहास मोठा आहे.

आणि आगबोटीचा इतिहास तर माझ्या घरातलाच.

घाटातून रस्ते होण्याआधी आणि झाल्यावरही बरीच वर्षं, मुंबईला जायचं म्हणजे बोटीनं. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी मुंबईहून निघायच्या आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी एकेक बंदरं घेत खाली जायच्या. हर्णैला बोट किनाऱ्याला लागणं शक्य नव्हतं. ती लांब उभी राहायची, भोंगा द्यायची. मग पडाव सुटायचे. पडाव म्हणजे रुंद पोटाची होडी, उतारू आणि सामान बोटीपर्यंत नेणारी. पण पडावही काठाला टेकत नसे. त्यात बसायला गुडघाभर, कधी कमरेएवढ्या पाण्यातून जावं लागे. पुरुष धोतर वर खोचून जात. बायका, मुलं, म्हाताऱ्या यांना खलाशी उचलून नेत.

आजी लग्नानंतर पहिल्यांदा मुंबईला निघाली, ते १९५० च्या आसपासचं साल असावं. तिची गोष्ट मी तिच्याच तोंडून इतक्यांदा ऐकली आहे की मला ती दिसते. पहाटेची वेळ, काठावर कंदील, ओली वाळू. तिच्या हातात फणसाच्या साठांचा डबा आणि एक बोचकं. आजोबा पुढे पाण्यात उतरलेले. एका दणकट खलाशानं तिला सांगितलं, "वहिनी, डबा घट्ट धरा, मी तुम्हाला धरतो." आणि तिला उचललं. परक्या माणसानं उचलण्याची लाज आणि पाण्याची भीती, दोन्ही एकदम. "मी डोळे मिटून घेतले," आजी सांगायची, "आणि उघडले तेव्हा पडावात होते. पायाला पाण्याचा थेंब नव्हता." एवढं सांगून ती थांबायची. मग हळूच पुढे: "त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं."

मोठ्या बोटीजवळ गेल्यावर दुसरी परीक्षा. पडाव लाटेबरोबर वर जातो, खाली येतो. वर आला त्या क्षणी बोटीच्या शिडीवर पाय टाकायचा. क्षण चुकला तर पाय पोकळीत. सामान दोरीनं वर घेत. पुढचा सगळा प्रवास आजीला बोट लागली, आणि साठांचा डबा उघडायची वेळच आली नाही.

पावसाळ्यात या बोटी बंद असायच्या. जूनपासून कोकणातली गावं मुंबईपासून तुटायची. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तरी लगेच निघता येत नसे. म्हणून बोटी पुन्हा सुरू झाल्या की पहिल्या बोटीला बंदरावर निम्मं गाव लोटायचं. पुढे एसटी आली, घाटातले रस्ते सुधारले, आणि या किनाऱ्यावरची बोट हळूहळू थांबली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तेव्हा खेड स्टेशन दापोलीकरांच्या सोयीचं झालं, पण बंदर त्या वाटेवर उरलं नाही. माणसांचं बंदर बंद झालं. मासळीचं राहिलं.

ते कसं राहिलं हे बघायचं असेल तर सकाळी किंवा दुपार उतरल्यावर लिलावाच्या वेळी जावं. मासळी वाळूवर पालथी केलेली असते, राशीराशीनं. पापलेटं चांदीच्या ताटांसारखी रचलेली. सुरमई लांबलचक, पाठीवर निळसर झाक. बांगडा, हलवा, माकूल, कोळंबीचे ढीग. राशीभोवती माणसांचं कडं. लिलाव बोलणाऱ्याचा आवाज एका सुरात चढत जातो आणि घेणारा तोंडानं बोलतोच असं नाही. मान किंचित हलते, भुवई वर जाते, बस. रास तुटली की दुसऱ्या क्षणी टोपल्या भरायला लागतात. मी पंधरा वर्षं बघते आहे तरी कुणी कधी होकार दिला हे मला दर वेळी कळतंच असं नाही.

पण माझी नजर बायकांवर असते. समुद्रावर जाणं पुरुषांचं, पण मासळी वाळूला लागल्यापासून पुढचा व्यवहार बायकांच्या हातात. डोक्यावर पाटी, कमरेला पैशाची पिशवी, बोटांवर माशाच्या काट्यांच्या जुन्या खुणा. एकीला मी मागे विचारलं, एवढा हिशोब कुठं लिहून ठेवता? तिनं कपाळाला बोट लावलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. दुसरीनं मला हातानं बाजूला सारलं: "बाय, वाटेत उभी राहू नको, गाडी येते." मागे वळून बघितलं तर बैलांचा श्वास माझ्या खांद्यावर.

लिलावात गेली नाही ती आणि मुद्दाम राखलेली मासळी सुकवणीला जाते. शेजारच्या पाजपंढरीला परातींवर, म्हणजे आडव्या बांधलेल्या काठ्यांवर, बोंबील टांगलेले असतात, तोंडात तोंड अडकवून, जोडीजोडीनं. खाली जवळा पसरलेला. सोललेल्या कोळंबीचे सोडे. ही आगोटीची बेगमी. पावसाळ्यात समुद्र बंद, तेव्हा भाताबरोबर हेच. मुंबईत ज्यांना या वासानं नाक मुरडावंसं वाटतं, त्यांना मी एवढंच सांगते की किनाऱ्यावरच्या कित्येक घरांनी चार महिने या वासावर काढलेले आहेत.

पश्चिम किनाऱ्यावर आता १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. मासे अंडी घालतात, समुद्रही खवळलेला असतो. कायद्याच्या आधीही हे दिवस पाळले जात होते. जुनी माणसं नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी लोटत नसत. आता ऑगस्ट उजाडला की इंजिनं सुरू होतात आणि पौर्णिमा नंतर येते.

इंजिन ही गोष्ट स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत आली. त्याआधी शीड आणि वल्हं. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायचं. जाळी सुताची असत, झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून टिकाऊ केलेली. नायलॉन आलं आणि ते शिजवणं संपलं. मग जाळं ओढत नेणारे ट्रॉलर, मग माशांच्या थव्याला वेढून धरणारी पर्ससीन जाळी. एका फेरीत पूर्वी महिन्याला मिळायची नाही एवढी मासळी यायला लागली, आणि काही वर्षांनी तीच फेरी रिकामी यायला लागली. एलईडी दिवे लावून मासे गोळा करून धरायला केंद्रानं २०१७ मध्ये बंदी घातली. पण किनाऱ्यावरचे छोटे मच्छीमार आजही रात्री क्षितिजावर दिवे बघतात आणि चिडतात. त्यांचं चिडणं मला पूर्ण मान्य आहे. ज्याचं जाळं चार-पाच वाव पाण्यात चालतं, त्याच्यापर्यंत मासा यायच्या आधीच तो खोल पाण्यात उचलला गेला तर त्यानं काय करायचं?

२०२३ मध्ये पापलेट हा महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून जाहीर झाला. आनंद वाटला, आणि धास्तीही. हाताच्या पंजाएवढीही न झालेली पापलेटं मी या वाळूवर विकायला आलेली बघितली आहेत. तांडेल आजोबा असते तर त्यांनी ती उचलून पाण्यात फेकली असती, असं मी म्हणणार नाही. त्यांनाही घर चालवायचं होतं. पण ते गप्प झाले असते, आणि त्यांचं गप्प होणं वाडीत सगळ्यांना कळायचं.

आणि पुन्हा ते उथळ पाणी. वादळाची सूचना आली की हर्णैच्या नौकांना इथं थांबता येत नाही, आसरा नाही. त्या आंजर्ल्याच्या खाडीत शिरतात. पण त्या खाडीच्या तोंडाशी गाळ साठलेला असतो. भरतीची वेळ साधली तर आत जाता येतं. नाही साधली तर वादळ पाठीशी आणि पुढे वाळूचा दांडा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं तेव्हा इकडच्या माडा-पोफळींच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या आजोळच्या आगरातले अकरा माड एका दुपारी पडले. मी फोनवर मामीचा आवाज ऐकत होते आणि ती एकेक माड नाव घेऊन सांगत होती, विहिरीजवळचा, गोठ्यामागचा, आजोबांनी लावलेला. त्या दिवसापासून वादळाची बातमी आली की मला आधी खाडीचं तोंड आठवतं.

धक्क्याची मागणी इथं फार जुनी आहे. बैलगाडीचे फोटो काढणारी माणसं म्हणतात, धक्का झाला तर ही मजा जाईल. मला बैल पाण्यात शिरताना बघायला मनापासून आवडतं, वर लिहिलं आहेच. तरी मी धक्क्याच्या बाजूनं आहे. ज्या बाईची पहाटेपासून ओल्या वाळूत उभं राहून कंबर धरते, जिची मासळी उन्हात रेतीवर पडून भाव उतरतो, तिच्या पायाखाली कोरडी फरशी आणि डोक्यावर छप्पर हवं. गाळ काढला जायला हवा. बर्फाचं आणि शीतगृहाचं काम बंदरावरच व्हायला हवं. दृश्य गेलं तर जाऊ दे.

गेल्या डिसेंबरात मी सुवर्णदुर्गावर गेले होते. होडीवाला तरुण पोरगा, त्या तांडेलांच्या नात्यातला निघाला. बेट आणि किनारा यांच्यामधल्या पाण्यात आलो तेव्हा मी त्याला विचारलं, इथं किती वाव असेल? त्यानं मोबाइल काढला नाही. होडीतला लांब वासा उचलला, पाण्यात सरळ खाली सोडला, वर घेतला आणि ओली खूण स्वतःच्या अंगाशी लावून बघितली. मग दोन्ही हात पसरले आणि ओठांनी काहीतरी मोजलं.

किल्ल्यात तास-दीड तास गेला. दारातलं कासव बघितलं, आतल्या टाक्यात डोकावले, तटावरून गाव बघितलं. तिथून हर्णै लहान दिसतं, आणि नौका खूप. परत निघालो तेव्हा ओहोटी चांगलीच लागली होती. होडी काठापासून बरीच अलीकडे टेकली. "ताई, इथंच उतरा," तो म्हणाला, आणि सवयीनं हात पुढे केला, धरून उतरवायला. मी चपला हातात घेतल्या, सलवार गुडघ्यापर्यंत वर केली आणि पाण्यात पाय टाकला. पाणी थंड होतं, तळाची वाळू घट्ट. पुढे जाऊन मागे वळले आणि त्याला त्याचं नाव विचारलं.